फासा खोटं बोलत नाही, बॉस!

शनिवारची रात्र. पुण्यातला एक टू-बीएचके, सहा जण, दोन पिझ्झे आणि एक वीस बाजूंचा फासा. हा आमचा 'डंजन्स अ‍ॅण्ड ड्रॅगन्स'चा अड्डा! ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा: प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, कुणी चेटकीण, कुणी चोर. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. गोष्ट तो सांगणार, राक्षस त्याचे आणि निवाडाही त्याचाच. जिथे काय होईल सांगता येत नाही, तिथे फासा. आमच्याकडे डीएम अस्मादिक.

तर झालं काय, आमची एक मैत्रीण (दिवसा सॉफ्टवेअर टेस्टर, रात्री धनुर्धर) गुहेत एका महाकाय राक्षसासमोर एकटीच सापडली. हिट पॉइंट्स उरले होते फक्त ४. मी पडद्याआड फासा टाकला आणि पडले चक्क २०! म्हणजे घाव हमखास बसणार, वर डॅमेजचे फासे दुप्पट. दीड वर्षं जपलेलं पात्र... माझ्या पोटात गोळाच आला. बेधडक ठोकून दिलं, "हुकला!"

तिने शांतपणे पडदा बाजूला केला. टेस्टरच ती!

मला वाटलं, वाचले म्हणून खूश होईल. ती म्हणाली, "म्हणजे तो ड्रॅगनही मी मारला नव्हता तर. तू मारू दिलास." आणि बॅग उचलून घरी गेली.

मंडळी, हे भांडण २०० वर्षं जुनं आहे. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन लष्करी अधिकाऱ्याने 'क्रीगश्पील' हा युद्धाचा खेळ नियमांसकट छापला. नकाशा, ठोकळे, फासे, नुकसान मोजायचे तक्ते आणि निवाड्याला पंच. पुढे लोक त्या तक्त्यांना आणि आकडेमोडीला वैतागले. १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने सुचवलं, तक्ते ठेवा बाजूला, अनुभवी पंच सांगेल तो निकाल!

मग १९६९. अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्हिड वेस्लीने मित्रांसाठी 'ब्राउनस्टाइन' नावाच्या काल्पनिक गावातली लढाई मांडली आणि प्रत्येकाला एकेक भूमिका दिली. पोरं लढाई सोडून कोपऱ्यात जाऊन कटकारस्थानं करायला लागली. दोघांनी तर द्वंद्वयुद्धाचा घाट घातला. त्याचे नियमच नव्हते! बिचारा वेस्ली जागच्या जागी निकाल देत राहिला. त्याला वाटलं, खेळ फसला. मित्र म्हणाले, पुन्हा कधी? त्याच ग्रुपमधल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना पुढे नेली आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्ससोबत 'डंजन्स अ‍ॅण्ड ड्रॅगन्स' आणलं.

म्हणजे अंदाजाने निवाडा करणं हे काही पाप नाही. हा खेळ जन्मलाच त्यातून. पण वेस्ली बोलला ते नियम गप्प होते तिथे. मी बोललो फासा बोलून झाल्यावर. त्या राक्षसाला तिला कैद करायचंय, असं मी आधीच ठरवू शकलो असतो. तो माझा हक्कच होता. फासा टाकायचा म्हणजे दोन्ही निकाल झेपले पाहिजेत. झेपणार नसतील तर टाकूच नये.

आठवडाभर फोन करून मनधरणी केली. पुढच्या शनिवारी ती आली, एका अटीवर: पडदा नको आणि तो २० कायम. धनुर्धर कोसळली. आता जगण्या-मरण्याचे फासे तिचे तिने टाकायचे. १० किंवा जास्त तीनदा पडले तर वाचली, तीनदा कमी पडले तर संपलं. दोन चांगले पडले, दोन वाईट. पाचव्याला पडले ७.

दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. पिझ्झा गार झाला. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "कोरा कागद दे. आणि ऐक, तो ड्रॅगन?"

"तो तूच मारलास गं. शप्पथ."

"बघू," ती म्हणाली.

ते 'बघू' अजून खटकतं. ज्युनिअरचं प्रेझेंटेशन रात्री गुपचूप दुरुस्त करणाऱ्या तमाम टीम लीड्सनी जरा विचार करावा. आमचे फासे मात्र आता टेबलाच्या मधोमध पडतात.