तिसऱ्या रुळातील वीज

स्मरणिकेसाठी लेख मागताना आमच्या संपादक मित्राने विषयाचे बंधन घातले नाही. 'वैद्यकीय काही नको, ते रोजचेच आहे,' एवढीच त्याची सूचना होती. ती शिरसावंद्य मानून मी आगगाड्यांवर लिहावयास बसलो आहे. मात्र ही गाडी शेवटी वॉर्डातच येऊन थांबणार आहे, याची कबुली आरंभीच दिलेली बरी.

गाड्यांचा नाद मला लहानपणापासूनचा. बडोद्यातील माझ्या पिढीच्या मुलांप्रमाणे तो कमाटीबागेतील छोट्या गाडीत सुरू झाला आणि मे महिन्याच्या सुटीत दादरला मामांकडे गेल्यावर लोकलगाडीने वाढीस लागला. भारतातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली, हे मामांनीच सांगितले होते. मामेभाऊ दाराच्या दांड्याला लोंबकळत प्रवास करी आणि ती एक मर्दुमकी आहे असे आम्हा बडोदेकरांना वाटे.

पुढे २००१ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, एम.डी. होऊन काही काळ लोटल्यावर अधिक अनुभवासाठी मी इंग्लंडला गेलो. सोबत पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. बिऱ्हाड दक्षिण लंडनमध्ये क्रॉयडनला आणि नोकरी ससेक्समधील एका रुग्णालयात. त्यामुळे लंडन-ब्रायटन मार्गावरील विजेच्या गाड्यांशी चार वर्षे नित्याचा संबंध आला.

मुंबईच्या लोकलला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते. दक्षिण इंग्लंडमध्ये मात्र दोन रुळांच्या शेजारी, किंचित उंचावर, तिसरा रूळ असतो. त्यातून ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह वाहतो आणि गाडीच्या बाजूस असलेला लोखंडी बूट त्यावरून घासत जाऊन वीज उचलतो. लंडनच्या वॉटर्लू स्थानकाभोवतीच्या उपनगरांत ही पद्धत १९१५ साली आली. सदर्न रेल्वेचे सरव्यवस्थापक सर हर्बर्ट वॉकर यांच्या कारकिर्दीत तिचे जाळे दूरवर पसरले आणि १ जानेवारी १९३३ पासून ब्रायटनपर्यंत विजेची गाडी धावू लागली. थंडीच्या रात्री रुळावर बर्फाचा पापुद्रा धरला की त्या बुटाखाली निळ्या ठिणग्या उडत आणि क्षणभर सारे रूळ उजळून निघत. रात्रपाळीहून परतताना ती रोषणाई मी अनेकदा पाहिली आहे.

आमच्या मार्गावर तेव्हा १९६७ ते १९७४ या काळात बांधलेल्या, चार डब्यांच्या 'फोर-व्हेप' गाड्या होत्या. प्रत्येक बाकाच्या जोडीला दोन्ही बाजूंस स्वतंत्र दार. ती दारे हाताने ओढून आपटावी लागत, म्हणून त्यांना 'स्लॅम-डोअर' गाड्या म्हणत. मी ज्या डब्यांतून जाई त्यांपैकी बऱ्याच डब्यांत उतरताना खिडकीची काच खाली ओढावयाची, हात बाहेर काढावयाचा आणि बाहेरची मूठ फिरवावयाची, असा रिवाज होता. घाईतले प्रवासी गाडी पुरती थांबण्याआधीच दार उघडून फलाटावर पाऊल टाकीत. सगळी गाडी मिनिटभरात रिकामी होई आणि मागोमाग दारे धडाधड आपटल्याचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाई. माझ्या मुलीला तो आवाज फार आवडे. आपल्या डब्याचे दार आपणच आपटावयाचे, असा तिचा हट्ट असे.

ब्रायटन स्थानकाच्या कमानींखाली खेळण्यांचे आणि प्रतिकृतींचे एक संग्रहालय आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही तिघे तेथे जात असू. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० पासून खेळण्यातल्या गाड्या विकावयास आरंभ केला. त्यांच्या पश्चात १९३८ साली 'हॉर्नबी डुब्लो' ही लहान गाड्यांची मालिका आली. तिच्या रुळांच्या मधोमध तिसरा रूळ असे आणि त्यातून इंजिनास वीज मिळे. प्रतिकृतींचे प्रमाण एकास शहात्तर, रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. तेथील काचेवर नाक टेकवून मुलगी उभी राही आणि तिच्यापेक्षा अधिक वेळ मी उभा राही.

२००५ साली आम्ही बडोद्यास परतलो. हॉर्नबी कंपनीने २०११ साली 'फोर-व्हेप'चीच प्रतिकृती काढली आणि तिकडच्या एका मित्राने भारतभेटीस येताना ती माझ्यासाठी आणली. चार डबे मिळून लांबी साडेतीन फुटांच्या आसपास. माझ्या अभ्यासिकेतील मेजावर ती आजही धावते. दारांच्या मुठी, पायऱ्या, वीज उचलणारे बूट, सारे जागच्या जागी आहे. मी रुळांच्या शेजारी प्लास्टिकचा तिसरा रूळही बसवला आहे. मात्र त्यात वीज नसते. आताच्या प्रतिकृतींत बारा व्होल्टचा प्रवाह दोन्ही रुळांतूनच खेळतो. तिसरा रूळ केवळ शोभेसाठी. आणि दारे एका सांच्यात ओतलेली असल्यामुळे उघडत नाहीत, म्हणून त्यातून कोणी पडतही नाही.

खऱ्या गाडीचे तसे नव्हते. धावत्या गाडीचे दार उघडून प्रवासी पडल्याच्या घटना इतक्या झाल्या की सरकारी सुरक्षा यंत्रणेस त्यांची वेगळी चौकशी करावी लागली. डब्यांच्या बांधणीतही उणीव होती. वरचा सांगाडा आणि खालची चौकट वेगवेगळी असल्यामुळे टक्कर झाली की एका डब्याची चौकट दुसऱ्याच्या सांगाड्यात घुसे. १२ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी क्लॅपहॅम जंक्शनजवळ हेच झाले. बेसिंगस्टोकहून वॉटर्लूकडे जाणारी गाडी सिग्नलपाशी थांबली असता मागून पूलची गाडी तिच्यावर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर समोरून येणारी रिकामी गाडी. पस्तीस माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे पाचशे जखमी झाली. मदतीस प्रथम धावले ते शेजारच्या इमॅन्युएल शाळेतील विद्यार्थी आणि शिक्षक. रुळांच्या वरच्या अंगास, स्पेन्सर पार्क रस्त्यालगत त्यांचे स्मारक आहे. एका रविवारी मी तेथे गेलो होतो. पस्तिसांपैकी कित्येक जण माझ्यासारखेच सकाळच्या कामाला निघालेले होते, हा विचार परतताना मनातून जाईना.

सर अँथनी हिडन यांनी या अपघाताची चौकशी केली. त्यांचा १९८९ चा अहवाल मी पुढे मुद्दाम मिळवून वाचला आणि प्रत्येक डॉक्टराने तो वाचावा असे माझे प्रांजळ मत झाले. सिग्नलची नवी जोडणी करताना एक जुनी तार कापून टाकावयाची होती. ती एका टोकास जोडलेलीच राहिली आणि दुसरे टोक उघडे राहिले. पंधरा दिवसांनी शेजारी दुसरे काम निघाले, तार हलली, जुन्या जागी टेकली आणि लाल व्हावयाचा सिग्नल हिरवाच राहिला. ही तार ज्या तंत्रज्ञाच्या हातून राहिली, त्याने मागील तेरा आठवड्यांत एकच सुटी घेतली होती. तो कामचुकार नव्हता. अखंड कामाने त्याच्या एकाग्रतेची धार बोथट झाली होती, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. आणि त्याने केलेले काम दुसऱ्या कोणी मोजून तपासावे असा दंडक होता, तो पाळला गेला नव्हता. अहवालाने ९३ शिफारशी केल्या. त्यांत तारांच्या तपासणीइतकेच महत्त्व माणसांच्या कामाच्या तासांना होते.

पुढे १९९९ च्या नियमांन्वये त्या जुन्या बांधणीच्या गाड्यांना मुदत घालून देण्यात आली. नोव्हेंबर २००५ मध्ये मुख्य मार्गांवरील शेवटची स्लॅम-डोअर गाडी धावली आणि लिमिंग्टनच्या छोट्या फाट्यावरील गाडी मे २०१० मध्ये थांबली. निरोप द्यायला लोकांनी गर्दी केली, पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले. मलाही त्या गाड्यांची हळहळ वाटते. परंतु त्या गेल्या हे योग्यच झाले, असेही मी ठामपणे म्हणतो. या दोन गोष्टी एकाच मनात नांदू शकतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून प्रवासी पडून मृत्यू पावले, तेव्हा मामेभावाची ती मर्दुमकी आठवून माझ्या अंगावर काटा आला.

आता वॉर्डाकडे वळतो. मुलगी आज सत्तावीस वर्षांची असून एका वैद्यकीय महाविद्यालयात निवासी डॉक्टर आहे. गेल्या दिवाळीत ती छत्तीस तासांची ड्यूटी करून घरी आली आणि पानावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. पत्नी हळहळली. मी मात्र म्हणालो, "अगं, आमच्या वेळी आम्ही दोन-दोन रात्री जागत असू. त्यातूनच तर डॉक्टर घडतो." मुलीने डोळे उघडले आणि शांतपणे विचारले, "बाबा, तुमच्या वेळी चुका होत नव्हत्या का?"

मी गप्प झालो. मग त्या रात्री तीस वर्षांत कोणालाही न सांगितलेली एक गोष्ट तिला सांगितली.

माझ्या निवासी काळातील दुसरे वर्ष. सलग चाळिसावा तास चालू असावा. हृदय निकामी होत असलेल्या चार महिन्यांच्या बाळासाठी मी डिगॉक्सिनची मात्रा लिहिली. सिस्टरनी कागद हातात घेतला, इंजेक्शन भरावयास गेल्या आणि परत आल्या. "डॉक्टर, एकदा पुन्हा पाहता का?" एवढेच म्हणाल्या. दशांश चिन्ह एक घर सरकले होते. मात्रा दसपट झाली होती. मी खोडून नवी लिहिली. बाळ वाचले. सिस्टरांनी ती गोष्ट कोणास सांगितली नाही आणि मी त्यांचे आभारही मानले नाहीत, कारण आभार मानले असते तर चूक कबूल करावी लागली असती. क्लॅपहॅमच्या तंत्रज्ञामागे तारा मोजणारे कोणी नव्हते. माझ्यामागे त्या सिस्टर होत्या. आम्हा दोघांत फरक होता तो एवढाच.

आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनांत आम्ही ज्येष्ठ मंडळी निवासी काळाच्या आठवणी रंगवून सांगतो. कँटीनचा चहा, सरांचा दरारा, मित्रांची साथ, पहाटेचे राउंड. त्या आठवणी खोट्या नाहीत. पण त्या माझ्या मेजावरच्या गाडीसारख्या आहेत. त्यांतील तिसऱ्या रुळात वीज नाही. 'आम्ही सोसले, काही बिघडले नाही' असे म्हणणारे आम्ही, ज्यांचे बिघडले त्या बाळांच्या आईबापांना संमेलनास बोलावत नाही.

यावर रास्त आक्षेप आहेत. तास कमी केले तर अनुभव कमी पडेल, पाळ्या वाढल्या तर रुग्णाची माहिती हातोहात देताना गळेल, असे इंग्लंडमधील ज्येष्ठही म्हणत. तेथे ऑगस्ट २००४ पासून प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना आठवड्यास सरासरी ५८ तासांची मर्यादा आली, ती २००९ मध्ये ४८ वर उतरली. त्या बदलाचे आरंभीचे गोंधळ मी स्वतः अनुभवले आहेत. शास्त्रीय पुरावाही एकरंगी नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील २००४ च्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील दीर्घ पाळ्यांत गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळल्या. त्याच नियतकालिकात २०२० साली आलेल्या, बालरोग अतिदक्षता विभागांच्या अभ्यासात मात्र चोवीस तासांच्या पाळ्या बंद केल्यावर चुका वाढलेल्या दिसल्या. तेथे दर डॉक्टरामागे रुग्णांची संख्याही वाढली होती, हे ध्यानात घेतले की तो फरक उरत नाही. यातून मला दिसते ते असे: माणसे न वाढवता केवळ घड्याळ बदलून भागणार नाही. विश्रांती हवी, पुरेसे हात हवेत आणि तारा मोजणारा दुसरा माणूस हवा.

कागदावर आपल्याकडेही उणीव नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग बारा आणि आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा नमूद आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांतही वाजवी तास, विश्रांती आणि साप्ताहिक सुटी यांचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात काय चालते हे वाचकांपैकी डॉक्टरांस मी सांगावयास नको.

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. म्हणून स्वतःचे सांगतो. माझ्या छोट्या रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी गेली कित्येक वर्षे चोवीस तासांची पाळी करीत होते. नियम मीच केला होता आणि त्यात मला काही वावगे वाटत नव्हते. दिवाळीनंतर एक डॉक्टर वाढवून मी पाळ्या बारा तासांच्या केल्या. अर्भकांच्या निवडक औषधांची मात्रा दुसऱ्याने मोजून सही केल्याखेरीज देता येत नाही, मग ती मी लिहिलेली का असेना. खर्च वाढला आहे आणि तो जाणवतोही. पहिल्या महिन्यात माझ्याच एका मात्रेवर परिचारिकेने शंका घेतली. मात्रा बरोबर होती. मी तिचे आभार मानले.

आपल्यापैकी अनेकांची स्वतःची रुग्णालये आहेत, काही जण विभागप्रमुख आहेत. या वर्षी प्रत्येकाने आपापल्या ड्यूटीच्या तक्त्याकडे एकदा पाहावे, एवढीच विनंती आहे.

रविवारी सकाळी मी अजूनही मेजावरची गाडी चालवतो. मुलगी सुटीवर असली की शेजारी येऊन बसते. परवा दारे आपटल्याचा आवाज तिने तोंडाने काढून दाखवला. तो इतका हुबेहूब होता की आम्ही दोघेही हसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची ड्यूटी होती. मी तिला लवकर झोपावयास पाठवले.