अहिल्यानगर जिल्ह्यातील अग्निशमन सेवा: अनुदान आणि मनुष्यबळ

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अग्निशमन सेवा ही महानगरपालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती, औद्योगिक वसाहती आणि काही स्वतंत्र आस्थापना यांच्यामार्फत चालविली जाणारी विखुरलेली व्यवस्था आहे. संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच अग्निशमन दल अस्तित्वात नाही. या सेवेसाठी केंद्र व राज्य शासनाकडून मिळणारे अनुदान प्रामुख्याने इमारती, वाहने, साधने आणि प्रशिक्षण यांसाठी असते. वाहन चालविणाऱ्या व आग विझविणाऱ्या कायम कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा भार मात्र बहुतांशी स्थानिक संस्थेच्या उत्पन्नावर पडतो. त्यामुळे अग्निशमन केंद्र उभारणे आणि ते चोवीस तास चालविणे हे दोन वेगळे आर्थिक प्रश्न ठरतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीनंतर जिल्ह्यातील अग्निसुरक्षा हा सार्वजनिक चर्चेचा विषय बनला.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर हा सुमारे १७,०४८ चौ. कि.मी. क्षेत्रफळाचा, महाराष्ट्रातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात १४ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती आणि त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्याच्या मुख्यालयी २००३ साली महानगरपालिका स्थापन झाली. २०११ मध्ये तिच्या हद्दीतील लोकसंख्या ३,५०,८५९ होती. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी, शेवगाव, पाथर्डी, जामखेड, श्रीगोंदा इत्यादी ठिकाणी नगरपरिषदा, तर पारनेर, कर्जत, अकोले, नेवासा येथे नगरपंचायती आहेत. शहरालगतचे छावणी मंडळ संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते.

जिल्ह्यातील आगीच्या धोक्याचे स्वरूप एकसारखे नाही. जुन्या शहरातील अरुंद गल्ल्या व बाजारपेठा, नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहती, साखर कारखाने व त्यांचे मद्यार्क प्रकल्प, शिर्डी येथील भाविकांची गर्दी, तसेच उन्हाळ्यात पेटणारे उसाचे फड, कडब्याच्या गंजी आणि गवताळ डोंगरउतार अशा भिन्न परिस्थितींना अग्निशमन यंत्रणेस तोंड द्यावे लागते.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

७४ व्या घटनादुरुस्तीने भारतीय संविधानात समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कार्यांची यादी असून तीत 'अग्निशमन सेवा' या विषयाचा समावेश आहे. पंचायतींशी संबंधित अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत मात्र अग्निशमन सेवा नाही. परिणामी नागरी हद्दीत आग विझविण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर स्पष्ट असले तरी गावांच्या बाबतीत ते तितके स्पष्ट नाही.

महाराष्ट्रातील महानगरपालिका अधिनियम आणि १९६५ चा नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम या दोहोंनुसार आगीपासून जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे स्थानिक संस्थेचे बंधनकारक कर्तव्य आहे. केरळ किंवा तमिळनाडू या राज्यांत अग्निशमन दल हे राज्य शासनाचे स्वतंत्र खाते असून त्याचे वेतन राज्याच्या अर्थसंकल्पातून होते. महाराष्ट्रात राज्य पातळीवर महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय असले, तरी त्याचे काम प्रामुख्याने मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि तांत्रिक मंजुरीचे आहे. प्रत्यक्ष दले स्थानिक संस्थांची असतात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीत अग्निसुरक्षेची साधने बसविणे व ती चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. त्यासाठी परवानाधारक संस्थेकडून जानेवारी व जुलै असे वर्षातून दोनदा प्रमाणपत्र घेऊन ते सादर करावे लागते. या प्रमाणपत्रांची छाननी व प्रत्यक्ष तपासणी करण्यासाठीही अग्निशमन विभागाकडे प्रशिक्षित अधिकारी असणे आवश्यक ठरते.

अनुदानाचे स्रोत

अग्निशमन सेवेसाठी स्थानिक संस्थांना उपलब्ध होणारा निधी पुढील मार्गांनी येतो.

राज्य योजना: महाराष्ट्र अग्निसुरक्षा अभियानातून नगरपरिषदांना अग्निशमन केंद्राची इमारत आणि अग्निशमन वाहन यांसाठी साहाय्य दिले जाते. जिल्हा वार्षिक योजनेतून, म्हणजेच जिल्हा नियोजन समितीच्या मंजुरीनेही या कामांना निधी मिळतो.

केंद्रीय योजना: पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्रीय गृह मंत्रालयाने ४ जुलै २०२३ रोजी राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणाची ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. त्यांपैकी ५०० कोटी रुपये कायदेशीर व पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांच्या प्रोत्साहनासाठी राखून ठेवण्यात आले. ईशान्य व हिमालयी राज्ये वगळता इतर राज्यांनी प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के वाटा स्वतः उचलावयाचा आहे. नवी केंद्रे, आधुनिक साधने, प्रशिक्षण संस्थांचे बळकटीकरण आणि तंत्रज्ञान हे या योजनेचे प्रमुख घटक आहेत.

वित्त आयोगाचे स्थानिक संस्थांना अनुदान: पंधराव्या वित्त आयोगाच्या मूलभूत अनुदानातील अबंधित भाग स्थानिक गरजांसाठी वापरता येतो, मात्र वेतन व इतर आस्थापना खर्चासाठी तो वापरण्यास मनाई आहे. म्हणजे या निधीतून एखादी नगरपरिषद साधने घेऊ शकते, पण ती वापरणाऱ्या फायरमनचा पगार देऊ शकत नाही.

भरपाई व सहायक अनुदान: जकात रद्द झाल्यानंतर नगरपरिषदांना राज्याकडून सहायक अनुदान मिळते, तर वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महानगरपालिकांना २०१७ च्या राज्य कायद्यानुसार दरमहा भरपाई दिली जाते. वेतनासाठी प्रत्यक्षात वापरला जाणारा शासकीय निधी हाच होय. तो अग्निशमनासाठी राखीव नसतो; सफाई, पाणीपुरवठा, शिक्षण, निवृत्तिवेतन अशा सर्व खर्चांची वाटणी त्यातूनच होते.

स्वतःचे उत्पन्न: मालमत्ता कर, बांधकाम परवानगीच्या वेळी आकारले जाणारे अग्निशमन शुल्क आणि हद्दीबाहेरील सेवेचे शुल्क यांचा यात समावेश होतो. बांधकाम कमी असलेल्या लहान शहरांत अग्निशमन शुल्काचे उत्पन्नही मर्यादित राहते.

मनुष्यबळाचा प्रश्न

स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या मानकांनुसार ३ लाखांपर्यंतच्या लोकसंख्येस दर ५० हजार लोकांमागे एक आणि त्यापुढे दर लाखामागे एक पाण्याचा बंब अपेक्षित आहे. या हिशेबाने साडेतीन लाख लोकसंख्येच्या शहरास सहा ते सात बंब लागतात.

बंबाची संख्या आणि मनुष्यबळ यांचे गणित पाहिल्यास अनुदानातील उणीव स्पष्ट होते. एका बंबावर चालक, प्रमुख अग्निशामक आणि चार फायरमन असे सहा जणांचे पथक धरल्यास आठ तासांच्या तीन पाळ्यांसाठी १८ जण लागतात. साप्ताहिक सुटीचा विचार केल्यास ही संख्या २१ होते; रजा, आजारपण व प्रशिक्षण यांसाठी राखीव कर्मचारी धरल्यास ती आणखी वाढते. सहा ते सात बंबांसाठी हीच गरज किमान १२६ ते १४७ कर्मचाऱ्यांची होते. बंब एकदाच खरेदी करावा लागतो. वेतन मात्र दरमहा, आणि कर्मचारी निवृत्त होईपर्यंत द्यावे लागते.

नवी पदे निर्माण करण्यासाठी स्थानिक संस्थेच्या आकृतिबंधास राज्य शासनाची मंजुरी लागते. महानगरपालिकांच्या बाबतीत आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा, अशी अट सर्वसाधारणपणे घातली जाते. ज्या संस्थेचे उत्पन्न कमी तिचा आस्थापना खर्च प्रमाणाने जास्त असतो. त्यामुळे सर्वाधिक निकड असलेल्या संस्थांनाच भरतीची परवानगी मिळणे अवघड जाते. अशा वेळी ठेकेदारामार्फत कंत्राटी फायरमन नेमणे, चालकाकडून दुहेरी काम करून घेणे किंवा इतर विभागातील कर्मचारी अग्निशमनाकडे वर्ग करणे असे मार्ग राज्यातील अनेक नगरपरिषदांत अवलंबिले जातात. कंत्राटी कर्मचाऱ्यास प्रशिक्षण देऊन तो स्थिरावेपर्यंत कंत्राट संपण्याची शक्यता असते आणि अनुभव दलात साठून राहत नाही.

नगरपरिषदांच्या पातळीवर राज्य शासनाने अग्निशमन सेवेचा महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवेत समावेश केला आहे. या राज्यसेवेच्या २०२३ च्या भरतीत एकूण १,७८२ पदांपैकी ३७२ पदे अग्निशमन सेवेची होती. राज्य संवर्गामुळे अधिकाऱ्यांची निवड एका समान परीक्षेने होते व बदलीही शक्य होते. मात्र प्रत्यक्ष नळी धरणाऱ्या फायरमनची पदे भरण्याचा प्रश्न या भरतीने पूर्णतः सुटत नाही.

जिल्हा रुग्णालयातील आग

६ नोव्हेंबर २०२१ रोजी, भाऊबिजेच्या दिवशी सकाळी, अहमदनगर जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागात आग लागली. त्या वेळी विभागात १७ रुग्ण उपचार घेत होते. त्यांपैकी ११ जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. राज्य शासनाने मृतांच्या नातेवाइकांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि नाशिकच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्याच वर्षी ९ जानेवारीस भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाच्या आगीत १० बालके मृत्युमुखी पडली होती व त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा परीक्षणाचे आदेश देण्यात आले होते.

या घटनेचा संबंध केवळ बंब किती वेळात पोहोचला याच्याशी नाही. प्राणवायू पुरविला जात असलेल्या बंदिस्त अतिदक्षता कक्षात धूर काही मिनिटांत प्राणघातक ठरतो. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्ण स्वतः बाहेर पडू शकत नाही. अशा ठिकाणी निर्णायक ठरते ती आधीची तपासणी, परीक्षणात सुचविलेल्या कामांचा पाठपुरावा आणि कर्मचाऱ्यांचा सराव. अग्निशमन विभागातील अपुरे मनुष्यबळ दूरध्वनी आल्यावर बंब बाहेर काढण्यातच गुंतले, तर तपासणीचे काम मागे पडते. दुसरीकडे, परीक्षणात आढळलेल्या त्रुटी दूर करण्यासाठी संबंधित आस्थापनेस वेळेवर निधी मिळाला नाही, तर परीक्षण कागदावरच राहते. म्हणूनच मनुष्यबळावरील खर्च हा आग विझविण्यापुरता नसून आग टाळण्यावरील खर्चही आहे.

ग्रामीण भागातील स्थिती

ग्रामीण भागात आग लागल्यास जवळच्या नगरपरिषदेचा, साखर कारखान्याचा किंवा औद्योगिक वसाहतीचा बंब बोलाविण्याची पद्धत आहे. जामखेड हे जिल्हा मुख्यालयापासून सुमारे ७५ कि.मी. अंतरावर आहे, तर अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगराळ प्रदेशात येतो. एवढ्या अंतरावरून आलेला बंब बहुधा आग पसरू न देण्याचेच काम करू शकतो. वीजवाहिन्यांच्या ठिणग्यांमुळे पेटलेला ऊस काही तासांत जळून जातो आणि जळीत उसाच्या दरात कपात होत असल्याने शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान होते.

नगरपरिषदेचा बंब गावाकडे गेला असता शहर त्या काळापुरते असुरक्षित राहते. हद्दीबाहेरील सेवेचे शुल्क इंधनखर्च काही प्रमाणात भरून काढते. परंतु त्या सेवेसाठी लागणारे अतिरिक्त कर्मचारी नेमण्याइतके ते नसते. जिल्ह्यातील ८० टक्के लोकसंख्या अशा रीतीने इतरांच्या करातून उभ्या राहिलेल्या सेवेवर विसंबून आहे.

शिर्डी विमानतळाशी तुलना

राहाता व कोपरगाव तालुक्यांच्या परिसरातील काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेल्या शिर्डी विमानतळाचे स्वतंत्र अग्निशमन दल आहे. नागरी विमानवाहतुकीच्या नियमांनुसार विमानाच्या आकारमानाप्रमाणे अग्निशमनाची श्रेणी ठरते. आवश्यक वाहने व प्रशिक्षित कर्मचारी उपलब्ध नसल्यास त्या श्रेणीच्या विमानास उतरू देता येत नाही. येथे मनुष्यबळ ही सेवा चालू ठेवण्याची पूर्वअट आहे. शहरांच्या बाबतीत अशी अट नसल्याने पदे रिक्त असली, तरी बाजारपेठ, चित्रपटगृह किंवा रुग्णालय चालूच राहते आणि उणीव आग लागेपर्यंत दिसत नाही.

इतर देशांतील पद्धत

अमेरिकेतही अग्निशमन ही मुख्यतः स्थानिक जबाबदारी आहे. तेथील संघराज्य शासन 'सेफर' नावाच्या योजनेद्वारे अग्निशमन दलांना थेट कर्मचारी भरतीसाठी अनुदान देते. नवे कर्मचारी नेमण्यासाठी ठरावीक काळापुरते, सामान्यतः तीन वर्षे, वेतनाचे साहाय्य मिळते. या योजनेमुळे पाळीतील कर्मचाऱ्यांची संख्या वाढविता येते. मात्र मुदत संपल्यावर पूर्ण वेतनाचा भार स्थानिक संस्थेवर येतो आणि ती तयार नसल्यास पदे टिकविणे कठीण होते. वेतनासाठी अनुदान देताना ते हळूहळू कमी करत नेणे आणि उत्पन्नाचा पर्याय आधीच ठरविणे आवश्यक असते, हा या अनुभवाचा अर्थ आहे.

पर्याय व मर्यादा

या प्रश्नावर मुख्यतः तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग राज्यव्यापी अग्निशमन दलाचा होय. केंद्रीय गृह मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यांना पाठविलेला आदर्श अग्निशमन व आपत्कालीन सेवा विधेयकाचा मसुदा या दिशेस अनुकूल आहे. त्यामुळे ग्रामीण भागासही सेवा मिळू शकते. परंतु वेतनाचा मोठा भार राज्याच्या तिजोरीवर येतो आणि स्थानिक संस्थांची स्वायत्तता घटते. दुसरा मार्ग म्हणजे इमारत व वाहनाच्या अनुदानास मंजूर आणि भरलेल्या पदांची अट जोडणे व त्या पदांच्या वेतनाचा काही हिस्सा ठरावीक वर्षे राज्याने उचलणे. तिसरा मार्ग तालुकानिहाय सामायिक केंद्राचा असून त्यात नगरपरिषद, जिल्हा परिषद, साखर कारखाने व औद्योगिक विकास महामंडळ यांनी खर्चाची वाटणी करणे अपेक्षित आहे. विस्तीर्ण व विरळ तालुक्यांसाठी हा मार्ग सोयीचा असला, तरी जबाबदारी कोणाची हे करारात स्पष्ट नसल्यास तो निष्प्रभ ठरू शकतो.

तिन्ही मार्गांत एक बाब समान आहे. उद्घाटन झालेल्या केंद्रांची व खरेदी केलेल्या बंबांची संख्या ही अग्निसुरक्षेची अपुरी मोजपट्टी आहे. प्रत्येक पाळीत किती प्रशिक्षित कर्मचारी हजर असतात आणि वर्षभरात किती इमारतींची प्रत्यक्ष तपासणी होते, या दोन आकड्यांवरून जिल्ह्याची सज्जता अधिक अचूकपणे समजते.