वासा वाकवून पाहा, मगच घ्या

माठ आपण वाजवून घेतो, मग वासा नुसता नजरेनं का घ्यायचा? अकोले भागातल्या पावसात भिजलेल्या कौलांचा भार त्यालाच पेलायचाय.

सारख्या मापाचे, सारखे वाळलेले दोन वासे घ्या. एकेक करून, तेवढ्याच अंतरावरच्या दोन दगडांवर टेकवा. मध्ये वीस किलो वजन ठेवा. त्याआधी व नंतर जमिनीपासूनची उंची मोजा. निम्मा वाकला तो दुप्पट ताठ. लाकडाला इजा नाही, खर्च नाही. गाठी, चिरा, कीड मात्र वेगळी तपासा.

शास्त्रज्ञ हेच आवाजानं मोजतात. उभ्या झाडात दोन खिळे, हातोडीचा ठोका. घनता सारखी असता आवाज सेकंदाला तीनऐवजी चार किलोमीटर धावला, तर ताठपणा पावणेदोन पट!

शाळेच्या छपराचं लाकूड आलं, की ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनी बिलाआधी दोन दगड मागवावेत.