आकडा उडाला, बाळ मजेत!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसातून निघता निघता मोबाइलवर बाळाचा ब्लड रिपोर्ट येतो. जुलाब झाले म्हणून डॉक्टरांनी तपासायला सांगितलेलं. बाकी सगळं ओके, फक्त एक ओळ ठळक छापलेली : अल्कलाइन फॉस्फेटेज २४००! मग काय, आई लॅपटॉपवर, बाबा मोबाइलवर. रात्री दोनपर्यंत लिव्हर, हाडं, कॅन्सर... सगळं वाचून होतं. आणि बाळ? ते शेजारी गाढ झोपलेलं.

जरा थांबा. हे एन्झाइम रक्तात येतं ते मुख्यतः हाडांतून आणि लिव्हरमधून. मुलांची हाडं वाढत असतात, म्हणून त्यांचा आकडा मोठ्यांपेक्षा मुळातच जास्त असतो. तेव्हा पहिला प्रश्न : रिपोर्टवरची नॉर्मल रेंज बाळाच्या वयाची आहे की तुमच्या?

रेंज बाळाचीच आहे आणि तरीही आकडा कित्येक पट? मग एक शक्यता असते 'ट्रान्झिएंट हायपरफॉस्फेटेसेमिया'. नाव भारदस्त, मामला साधा. पाच वर्षांच्या आतल्या, त्यातही साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांमध्ये हा प्रकार दिसतो. अनेकदा नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेले असतात. ना हाडांना काही झालेलं, ना लिव्हरला. औषध नाही, पथ्य नाही. बहुतेक वेळा चार महिन्यांच्या आत आकडा आपला आपण खाली येतो.

पण हा निर्णय डॉक्टरांचा, सर्च इंजिनचा नव्हे! कारण मुडदुसातही हेच एन्झाइम वाढतं. म्हणून डॉक्टर बाळाचे पाय वाकलेत का, वजन वाढतंय का, डोळे पिवळे दिसतात का हे बघतात. लिव्हरच्या इतर टेस्ट, कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी, गरज पडल्यास पॅराथायरॉइड हार्मोन. हे सगळं नॉर्मल असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासणी करायची.

तोवर दोन गोष्टी टाळा. दर आठवड्याला नव्या लॅबमध्ये नेऊन बाळाला सुई टोचू नका. आणि नुसता आकडा बघून व्हिटॅमिन डीचे जादा डोस मनानेच सुरू करू नका. त्याच्या अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं. पुढच्या तपासणीची तारीख मात्र आजच कॅलेंडरवर टाका. मीटिंगच्या गडबडीत नेमकी तीच विसरते.