९ तारखेला बापालाही आत बोलवा

दर महिन्याच्या ९ तारखेला जवळच्या सरकारी दवाखान्यात एक चक्कर मारून बघा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस, २०१६ पासून सुरू आहे. आत गरोदर बायांची तपासणी चाललेली असते. सोबत सासू, आई नाहीतर आशाताई. आणि नवरे? बाहेर गाडीवर रेलून मोबाईल बघत बसलेले. त्यांचं काम काय, तर आणायचं आणि न्यायचं.

आपण लगेच म्हणतो, "याला काही पडलेलीच नाही." पण खरं सांगा, त्याला आत कुणी बोलावलं होतं का?

आईला बाळ आतून कळतं. बापाला ते शिकावं लागतं. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर पोटावर हात ठेवला की बाळाची लाथ बाहेरूनही जाणवते. त्याच सुमारास बाळ आवाजाला दाद द्यायला लागतं. हे बापाला सांगणार कोण? आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून ती जाते आणि बापाची बाळाशी ओळख थेट बारशाच्या आसपास. मग बाळ हातात घ्यायलाही भीती वाटते. खरं तर माहेरी गेली तरी रोज रात्री फोन स्पीकरवर ठेवून दोन शब्द बाळाशी बोलता येतात. हसू नका, करून बघा.

आणि प्रश्न फक्त मायेचा नाही, जिवाचाही आहे. रात्री दोन वाजता तिचं डोकं असह्य दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. गाडी कोण ठरवणार, पैसे कोण काढणार? बहुतेक घरांत तोच. ही वाढलेल्या बीपीची खूण असू शकते, अंगावरून रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं म्हणजे तातडीनं दवाखाना, हे त्यालाच ठाऊक नसेल तर तो म्हणणार, "सकाळी बघू." असं "सकाळी बघू" जिवावर बेततं. १०२ किंवा १०८ ला फोन लावायचा, एवढं तरी त्याच्या डोक्यात पक्कं हवं.

मागणी साधी आहे. ९ तारखेला तपासणी सुरू असताना बाहेर थांबलेल्या बापांना व्हरांड्यात अर्धा तास बसवा. नर्सताईंनी माता-बाल कार्ड वाचायला शिकवावं, धोक्याच्या खुणा सांगाव्यात, बाहुली घेऊन बाळ कसं धरायचं ते दाखवावं. बायांच्या खोलीत पुरुष नकोत, हे मान्यच. व्हरांड्याला काय अडचण आहे?

एक मात्र सांभाळा. नवरा सोबत नाही म्हणून कुठल्याही बाईची तपासणी अडता कामा नये. कुणाचा नवरा ऊसतोडीला गेलेला असतो, कुणी एकटी असते. बापाला बोलवा, पण सक्ती नको.

रजेचंही बोलायला हवं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. कारखान्यातल्या, दुकानातल्या पोराला ती मिळेलच असं नाही. मालक मंडळींनी निदान तपासणीच्या दिवशी अर्धा दिवस तरी सोडावं.

आणि होणाऱ्या बापांनो, कुणी बोलवायची वाट बघू नका. येत्या ९ तारखेला गाडी स्टँडवर लावा, मोबाईल खिशात ठेवा आणि विचारा, "ताई, मला काय करायचंय ते सांगा."