नावे कोरलेला दगड आणि नावे गाळणारी व्यवस्था

आंबेडकरी समाजातला माणूस आता परदेशात जातो. कुणी शिकायला जातो, कुणी नोकरीला, कुणी मुलाकडे चार महिने राहायला. लंडनला गेलेला आपला माणूस १०, किंग हेन्रीज रोड या घराला भेट दिल्याशिवाय परत येत नाही. बाबासाहेब विद्यार्थिदशेत जिथे राहिले ते हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तिथे जाणे हे आपले कर्तव्यच आहे. पण त्याच लंडनहून रेल्वेने दीड तासात फ्रान्समधले लील शहर येते आणि तिथून जवळच नव्ह-शापेल नावाचे एक छोटे खेडे आहे. तिकडे आपले पाय सहसा वळत नाहीत. ते वळले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे गेल्यावर नेमके काय वाचायचे, हे मात्र आधी समजून घेतले पाहिजे.

फ्रान्स आणि बेल्जियमच्या या पट्ट्यात पहिल्या महायुद्धाची पश्चिम आघाडी होती. तिथे जाणाऱ्या प्रवाशांचा अनुभव बहुधा सारखाच असतो. युद्धभूमी म्हणून डोळ्यांसमोर डोंगर, किल्ले, बुरूज असतात. प्रत्यक्षात दिसते ती सपाट, ओलसर शेतजमीन. ज्या ऑबेरच्या टेकाडासाठी हजारो माणसे मेली, ते टेकाड म्हणजे शेताचा हलकासा चढ आहे. शंभर वर्षे उलटून गेली तरी नांगराच्या फाळाला जुने तोफगोळे लागतात. शेतकरी ते बांधावर काढून ठेवतात आणि लष्कराचे लोक येऊन घेऊन जातात. बेल्जियममधल्या ईपर गावात मेनिन गेट नावाची भव्य कमान आहे. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिच्यावर कोरली आहेत. तिच्याखाली १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता वाहतूक थांबते आणि बिगूल वाजतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा कब्जा होता तेवढाच काय तो खंड.

या गर्दीत इंग्लंडची शाळकरी मुले असतात, कॅनडा-ऑस्ट्रेलियातून आलेली कुटुंबे असतात. त्यांच्यातला एखादा खिशातून चिठ्ठी काढतो. तिच्यावर पणजोबांचे नाव, पलटण आणि मृत्यूची तारीख असते. तो नोंदवहीत फलकाचा क्रमांक शोधतो, नावासमोर उभा राहतो, कागदी फूल लावतो आणि रडतो. म्हणजे तो केवळ युद्धभूमी पाहायला आलेला नसतो, तो आपल्या माणसाला भेटायला आलेला असतो. आपल्या माणसाच्या खिशात अशी चिठ्ठी का नसते? प्रश्न इथूनच सुरू होतो.

नव्ह-शापेलची लढाई १० ते १३ मार्च १९१५ या चार दिवसांत झाली. हल्ला करणाऱ्या फौजेत जवळजवळ निम्मे हिंदी सैनिक होते. या चार दिवसांत हिंदी फौजेचे ४,२०० हून अधिक सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याच जागी हिंदी सैनिकांच्या स्मारकाचे अनावरण झाले. पश्चिम आघाडीवर मेलेल्या आणि थडगे नसलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व मजुरांची नावे तिथल्या गोलाकार भिंतीवर आहेत. वास्तुशिल्पी हर्बर्ट बेकर यांनी मध्यभागी सुमारे १५ मीटर उंचीचा स्तंभ उभारला. तो कशावरून सुचला? सम्राट अशोकाच्या स्तंभांवरून! वर कमळ आहे, भोवतीचा दगडी जाळीचा कठडा पाहून सांची आठवते. फ्रान्सच्या शेतात अशोकाचा स्तंभ पाहून कोणत्याही बौद्धाचे मन भरून येईल.

पण नजर आणखी थोडी वर न्या. कमळाच्या वर ब्रिटिश राजमुकुट आहे. कलिंगाचा संहार पाहून ज्याने युद्धाकडे पाठ फिरवली आणि धम्मविजय हाच खरा विजय मानला, त्याच्या स्तंभावर साम्राज्याने आपला मुकुट ठेवला. जी माणसे दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी मेली, त्यांच्या डोक्यावर मेल्यानंतरही मुकुट तसाच राहिला. म्हणून या स्मारकापुढे वंदन जरूर करावे, पण भारावून जाऊन डोळे मिटू नयेत.

भिंतीवरची नावे पलटणवार आहेत. वाटाडे इथे गढवाल रायफल्सच्या गबर सिंग नेगींची कथा सांगतात. लढाईच्या पहिल्याच दिवशी ते मारले गेले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती ऐकावी. पण मग ३४ व्या शीख पायोनियर्सचा फलक शोधावा, कारण ती कथा वाटाड्या बहुधा सांगत नाही. ही पलटण मजहबी आणि रामदासिया शिखांची, म्हणजे मूळच्या अस्पृश्य जातींतून शीख झालेल्यांची होती. पायोनियर म्हणजे एका हाती कुदळ आणि खांद्यावर बंदूक. खंदक खणायचे, रस्ता करायचा आणि वेळ आली की लढायचे. नोव्हेंबर १९१४ मध्ये फेस्तुबेर इथे हे लोक गोठलेल्या खंदकात लढले आणि मेले. आणि बक्षीस काय मिळाले? १९३२-३३ मध्ये शीख पायोनियर्सच्या पलटणीच मोडीत काढल्या गेल्या.

ही कहाणी आपल्याला ओळखीची वाटत नाही काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती ‘लढाऊ जाती’च्या नावाखाली बंद झाली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. पुन्हा महायुद्ध आले, तेव्हा बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली. त्याच दिवशी मजहबी व रामदासिया शिखांची रेजिमेंटही उभी राहिली. संकट आले की आम्ही शूर, संकट टळले की आम्ही अस्पृश्य! पंजाब असो की महाराष्ट्र, न्याय एकच.

काही जण म्हणतील, समुद्र ओलांडल्यावर जात कुठे राहिली? हे खरे नाही. जखमी हिंदी सैनिकांसाठी इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात इस्पितळ केले होते. तिथे जाती-धर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदू आणि मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे होते. आणि झाडलोट करायला अस्पृश्य सफाई कामगार मायदेशातूनच नेले होते. त्यांच्यापैकीच एक सुखा. मूळचा बरेलीचा, ब्रॉकनहर्स्टच्या लेडी हार्डिंज इस्पितळात सफाईचे काम करणारा. जानेवारी १९१५ मध्ये तो वारला. अस्पृश्य म्हणून त्याला हिंदूंच्या दहनात जागा नाही आणि मुसलमान नव्हता म्हणून त्यांच्या दफनभूमीत जागा नाही, अशी हकिगत नोंदली गेली आहे. अखेर गावच्या ख्रिस्ती धर्मगुरूने त्याला आपल्या चर्चच्या आवारात पुरले आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याच्यावर दगड उभारला. तो दगड आजही तिथे आहे. सुखाचे नाव वाचायचे असेल तर युद्धभूमीच्या यादीत इंग्लंडमधले हे खेडेही जोडले पाहिजे.

याचा अर्थ गोरा साहेब समतावादी होता, असा मात्र कुणी काढू नये. युद्धानंतर साम्राज्याच्या युद्धकबर आयोगाने तत्त्व मांडले की मृतांत हुद्द्याचा, वंशाचा, धर्माचा भेद करायचा नाही, सर्वांना एकसारखा दगड. तत्त्व सुंदर होते आणि फ्रान्समध्ये ते बरेचसे पाळले गेले. पण युरोपातले प्रवासी जिथे पोहोचणार नव्हते तिथे काय झाले? इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे आली, हिंदी अधिकाऱ्यांची आली, आणि हजारो साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीखाली नुसता आकडा आला. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतःच अहवाल काढून कबुली दिली. सुमारे ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान पद्धतीने केले गेले. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावे कोरलीच गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच केले गेले नाही. ही माणसे प्रामुख्याने आफ्रिकेतली, आशियातली आणि मध्यपूर्वेतली. शंभर वर्षांनी माफी मागण्यात आली. ठीक आहे. पण नाव गाळणे ही चूक नसते, तो विषमतेचा हिशेब असतो.

आणि हा हिशेब पाहायला बसऱ्यालाही जावे लागत नाही. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या वा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकही नाही! त्या आकड्यात महारवाड्यातले किती, मांगवाड्यातले किती? पाटी बोलत नाही आणि गावही बोलत नाही.

म्हणूनच नावाचे मोल आपल्याइतके कुणाला कळणार? भीमा कोरेगावच्या स्तंभावर नावे कोरलेली होती, ‘नाक’ हा प्रत्यय लागलेली. नुसता आकडा असता तर तिथे आपले पूर्वज होते, हे आपण कशावरून सिद्ध केले असते? १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले, ते कंपनी सरकारची आरती ओवाळायला नव्हे. आम्हाला भित्रे आणि नालायक ठरवणाऱ्या व्यवस्थेला त्यांनी तो दगड पुरावा म्हणून दाखवला. परदेशातली युद्धभूमीही याच दृष्टीने पाहिली पाहिजे. युद्धाचे गोडवे गाणे हे बुद्धाच्या अनुयायांचे काम नाही, पण पुरावा गोळा करणे हे आपले काम नक्कीच आहे.

त्यासाठी विमानाचे तिकीट लागतेच असे नाही. युद्धकबर आयोगाची मृतांची यादी आज कुणालाही घरबसल्या विनामूल्य शोधता येते. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांतून पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती २०२१ मध्ये अभ्यासकांनी उजेडात आणली. मग आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत काय आहे? आजोबांचे पदक, सुटीचा दाखला, पेन्शनचा कागद, पलटणीतला फोटो. ते भंगारात जाण्याआधी त्यावरचे नाव, क्रमांक, पलटण आणि गाव उतरवून घ्या. तालुक्या-तालुक्यातल्या विहारांत अशा नावांची वही तयार झाली पाहिजे. ती झाली, तर उद्या परदेशी शिकणारी आपली नात अशोकाच्या नमुन्याच्या त्या स्तंभापुढे किंवा बसऱ्याच्या आकड्यापुढे उभी राहील, तेव्हा तिच्या खिशात चिठ्ठी असेल. दगडाने जे नाव गाळले, ते ती स्वतः मोठ्याने वाचेल.