पत्रमैत्रीचा कैवार

अलीकडे जो तो पत्राच्या मरणाची वार्ता सांगत सुटला आहे. २०२५ सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस डेन्मार्क देशाच्या टपालखात्याने घरोघर पत्रे पोचविण्याचे काम कायमचे सोडून दिले, तेव्हापासून तर ह्या वार्तेस जणू राजमुद्राच मिळाली आहे. १६२४ सालापासून चालत आलेली ती व्यवस्था होती. त्या देशात २००० साली सुमारे १४० कोटी पत्रे टपालात पडत. २०२४ साली तो आकडा ११ कोटींवर आला. रस्त्यारस्त्यांवर उभ्या असलेल्या दीड हजार तांबड्या पेट्या उपटण्यात आल्या, आणि ज्याला अजून पत्र पाठवावयाचे असेल त्याने ते खाजगी कंपनीकडे न्यावे असे ठरले. हे आकडे आमच्यापुढे टाकून आमचे विद्वान मित्र विचारतात, "आता तरी तुमचे पत्रपुराण आटोपणार की नाही?"

आमचे उत्तर असे की, ते आटोपणार नाही. आणि का आटोपणार नाही हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. हस्तलिखित पत्रे, त्यातही ज्याला कधी डोळ्यांनी पाहिले नाही अशा मित्राशी झालेला पत्रव्यवहार, ही आमच्या मते केवळ गतकाळची शोभेची वस्तू नव्हे. ती मनुष्याच्या मनाची एक गरज आहे, आणि ती भागविण्याचे दुसरे साधन अद्यापि कोणी निर्माण केलेले नाही.

ह्या प्रकरणी दोन पक्ष आमच्याविरुद्ध उभे आहेत. पहिला पक्ष पत्रांसाठी गळा काढणाऱ्यांचा. पोस्टमनची सायकल, निळे आंतर्देशीय पत्र, तारेला अडकवून ठेवलेली कार्डे ह्यांच्या आठवणीने हे लोक सद्गदित होतात. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे : महाराज, आपण शेवटचे पत्र कधी लिहिले? मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण अशा लोकांसाठीच निर्माण झाली असावी. डेन्मार्कमधील त्या तांबड्या पेट्या विक्रीस निघाल्या तेव्हा पहिल्या हजार पेट्या तीन तासांत खपल्या असे प्रसिद्ध झाले आहे. ज्या पेटीत पत्र टाकावयास कोणास सवड नव्हती ती पेटी घरात आणून ठेवण्यास मात्र सर्वांनी धाव घेतली! पत्राचा खरा वैरी तारायंत्र नव्हे, दूरध्वनी नव्हे. पत्राचे स्तवन करून पत्र न लिहिणारा हा भक्तच त्याचा वैरी आहे.

दुसरा पक्ष अधिक प्रामाणिक आहे, म्हणून त्याच्याशी अधिक सविस्तर बोलले पाहिजे. त्याचे म्हणणे असे की, मजकूर एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचविणे हे पत्राचे कार्य. ते कार्य आज क्षणार्धात होते. मग चार दिवस वाट पाहण्यात शहाणपण ते कोणते? पत्राचे कार्य निरोप पोचविणे एवढेच असते, तर हा युक्तिवाद बिनतोड ठरला असता. निरोपाच्या बाबतीत वेग हाच गुण होय, हे आम्ही निमूटपणे मान्य करतो. घरी कोणी अत्यवस्थ असता कार्ड लिहीत बसावे असे सांगण्याइतके आम्ही वेडे नाही. अशुभाची वार्ता आणणारे कार्ड वाचताच फाडून टाकण्याची चाल आमच्या घरांत होती; ते कार्ड येईपर्यंत तिकडे दहावा-बारावाही उरकलेला असे. ते दिवस परत यावेत असे कोणता सहृदय मनुष्य म्हणेल? निकडीच्या कामासाठी पत्र पुरे पडत नाही हे लोकांनी फार पूर्वीच ओळखले होते. म्हणून तर तार निघाली. आणि तारेहून वेगवान साधने झाली तेव्हा २०१३ सालच्या जुलै महिन्यात ती सरकारी तारही बंद पडली. तिच्यासाठी आम्ही अश्रू गाळीत नाही, कारण तारेचे काम दुसऱ्याने अधिक चांगले केले.

परंतु पत्राचे काम कोणी केले? आमच्या मते पत्राचे काम निरोपाच्या पलीकडे सुरू होते. "सुखरूप पोचलो" हा निरोप झाला. पोचल्यावर त्या परक्या गावी पहिल्या रात्री झोप का आली नाही, हे पत्र झाले. ते सांगण्यास मनुष्याला एकांत लागतो, वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे मध्येच कोणी "बरं, मग?" असे म्हणणारा समोर नसावा लागतो. ज्या विलंबाची आमचे मित्र थट्टा करतात तो विलंब ह्या कामी दोष तर नव्हेच, उलट तीच त्याची सामग्री आहे. उत्तर चार दिवसांनी येणार हे ठाऊक असलेला मनुष्य चार दिवस टिकेल असेच काहीतरी लिहितो. क्षणात उत्तर येणार हे ठाऊक असलेला मनुष्य क्षणापुरतेच लिहितो. आणि बहुधा तेवढेही न लिहिता, दुसऱ्याने रंगविलेले एखादे हसरे तोंड पाठवून मोकळा होतो.

कोणी म्हणेल की, पत्रव्यवहार हे लिहित्या-वाचत्या, खाऊनपिऊन सुखी लोकांचे कौतुक आहे. ह्या आक्षेपात सत्याचा अंश आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांची पत्रे पोस्टमनने वाचून दाखविली आणि शेजाऱ्याने लिहून दिली. त्यांच्या मनातील गुज चारचौघांच्या कानांवरून गेल्यावाचून राहिले नाही. पण ह्या न्यायाने ग्रंथ, वर्तमानपत्र, शाळा ही सर्वच श्रीमंतांची कौतुके ठरतील. वस्तुस्थिती अशी की, ज्या थोड्या गोष्टी गरिबास श्रीमंताच्याच भावात मिळाल्या, त्यांत टपाल ही एक होय. १८५४ च्या कायद्याने अंतराप्रमाणे वाढणारा दर जाऊन पाव तोळा वजनाचे पत्र अर्ध्या आण्यात देशाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागले. १८७९ च्या जुलैत कार्ड निघाले ते पाव आण्याचे. आजही ते कार्ड पन्नास पैशांस मिळत आले आहे. पन्नास पैशांत दुसरी कोणती वस्तू मिळते, हे आक्षेपकांनी बाजारात जाऊन पाहावे.

आणि ज्याच्याजवळ पैसा, प्रतिष्ठा, स्वातंत्र्य ह्यांपैकी काहीच नाही अशा जीवास पत्रमैत्री कोठपर्यंत नेऊ शकते, ह्याचे उदाहरण शोधण्यास परमुलुखात जावयास नको. गोपाळराव जोशी हे टपालखात्यातले एक नोकर. पत्नीस अमेरिकेत शिकवावे ह्या ध्यासाने त्यांनी १८७८ साली वाइल्डर नामक मिशनऱ्यास पत्र लिहिले. वाइल्डरसाहेबांनी धर्मांतराचा उपदेश केला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. प्रकरण तेथेच संपावयाचे. परंतु १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो जुना अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी घरी जाऊन आनंदीबाईंस पत्र लिहिले. आनंदीबाईंचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे होते.

पुढील तीन वर्षे ही पत्रे आगबोटींतून समुद्र ओलांडीत राहिली. एका पत्राच्या उत्तरास कित्येक आठवडे लागत. एक पाश्चात्य गृहिणी, दुसरी ब्राह्मण घरातली मुलगी. धर्म भिन्न, भाषा भिन्न, वयात मायलेकींचे अंतर. एकमेकींचे तोंड पाहिलेले नाही. अशा स्थितीत केवळ कागदावरच्या अक्षरांनी इतका विश्वास उत्पन्न झाला की, १८८३ च्या एप्रिलात अठरा वर्षांची ती मुलगी नवऱ्यास मागे ठेवून कलकत्त्याहून निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली, ती ह्या पत्रातल्या बाईंच्या भरवशावर. त्या बाईंस ती मावशी म्हणू लागली. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने मिळविली. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास तिचा अंत झाला. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि त्यांनी ती पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविली. एका अनोळखी मुलीस लिहिलेल्या पत्राचा शेवट त्या मुलीस आपल्या कुळात जागा देण्यात झाला. "पत्राने काय होते?" असे विचारणाऱ्यांनी ह्याचे उत्तर द्यावे.

येथे आमचे मित्र हसून म्हणतील, "आज कार्पेंटरबाई असत्या तर त्यांनी दोन मिनिटांत आनंदीबाईंस संदेश धाडला असता!" धाडला असता खरा. परंतु त्याच दिवशी आणखी चाळीस जणांना त्यांनी तसेच संदेश धाडले असते, आणि आनंदीबाईंसही चारशे अनोळखी माणसांचे संदेश आले असते. आज अनोळखी माणूस गाठणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे, आणि त्याच्यापाशी तीन वर्षे चिकटून राहणे कधी नव्हे इतके अवघड. पत्र हे एकाने एकासच लिहावयाचे असते. लिहिणाऱ्याने त्या घटकेपुरती बाकीची सारी माणसे बाजूस सारलेली असतात, आणि वाचणाऱ्यास ते त्या वाकड्यातिकड्या अक्षरांवरून, खोडलेल्या शब्दांवरून, समासात आडवे लिहिलेल्या शेवटच्या चार ओळींवरून कळते. आपल्यासाठी कोणीतरी आपला वेळ खर्चिला, ह्या जाणिवेतच पत्राचा आनंद आहे. तो यंत्राने फुकट देता येत नाही, कारण फुकट दिला की तो उरतच नाही.

वाङ्मयाच्या दृष्टीने पाहिले तर ही हानी किती मोठी आहे हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. लोकांतात मिसळण्याचा तिटकारा असलेले जी. ए. कुलकर्णी त्यांच्या पत्रांत किती मोकळे, किती विनोदी आणि किती मायाळू होते, हे त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले नसते तर कोणास कळले असते? सुनीता देशपांडे ह्यांचे 'प्रिय जी. ए.' हे पुस्तक त्या स्नेहाची दुसरी बाजू होय. 'कुसुमानिल'मधील पत्रे, ह. वि. मोटे ह्यांनी कष्टाने जमविलेले 'विश्रब्ध शारदे'चे खंड, आणि फार मागे जावयाचे तर राजवाड्यांनी गावोगावच्या दप्तरांतून उपसलेली मराठ्यांच्या इतिहासाची साधने, ही सर्व कोणीतरी कोणालातरी लिहिलेली आणि तिसऱ्याने जपलेली पत्रेच होत. आजच्या लेखकांचा असा एखादा खंड पन्नास वर्षांनी कोणी काढू म्हणेल, तर त्याने साधने कोठून आणावीत?

आता थोडे स्वतःविषयी लिहितो. वाचकांनी क्षमा करावी. आमच्या तरुणपणी एका लेखातील चूक दाखविणारे एक कार्ड आम्हांस इंदूरहून आले. चूक आमचीच होती, पण कार्डातील सूर आम्हांस झोंबला, आणि आम्ही तिखट उत्तर लिहिले. त्या गृहस्थांनी त्याचे शांतपणे खंडन केले. अशा भांडणाने सुरू झालेला तो पत्रव्यवहार सव्वीस वर्षे चालला. मध्ये एकदा आमचे वर्षभर बिनसले होते, तेव्हा त्यांचे कार्ड आले, "रागावला असाल तर निदान तसे लिहा." आम्ही एकमेकांस शेवटपर्यंत पाहिले नाही. ते वारल्यावर त्यांच्या सूनबाईंनी आमचीच पत्रे, सुतळीने वर्षवार बांधून, आम्हांस परत पाठविली. ती वाचताना आम्हांस घाम फुटला. जी मते आम्ही जन्मभर बाळगली अशी आमची समजूत होती, त्यांच्या नेमकी उलट मते तेथे आमच्याच हस्ताक्षरात मांडलेली होती. ज्या दुःखातून आपण धीराने निभावलो असे आम्ही मुलांस सांगत आलो, त्या वेळी आपण किती खचलो होतो हेही तेथे लिहिलेले होते. मनुष्याचे खरे चरित्र त्याच्या घरी नसते. ते त्याच्या मित्राच्या पेटीत असते, हे आम्हांस त्या दिवशी कळले. उलट, गेल्या पाच वर्षांत खिशातल्या यंत्रावर आम्ही जे काही लिहिले ते सारे ते यंत्र बिघडले त्या दिवशी नाहीसे झाले, आणि त्यातील एक वाक्यही आज आम्हांस आठवत नाही.

म्हणून आमचे मागणे अगदी साधे आहे. शाळांतून पत्रलेखन शिकवितात, पण ते परीक्षेपुरते. मायना, ताआसं., कळावे, लोभ असावा ह्यांना गुण मिळतात. पत्र मात्र उत्तरपत्रिकेतच राहते आणि कोणासही पोचत नाही. जे पोचावयाचेच नाही त्यात मुलाने जीव कशाला ओतावा? शिक्षकांनी कोकणातील एका शाळेची गाठ विदर्भातील एका शाळेशी घालून द्यावी, आणि मुलांस खऱ्या मुलांना खरी कार्डे लिहू द्यावीत. समुद्र न पाहिलेल्या मुलास भरती-ओहोटी समजावून सांगावयाची म्हणजे काय, हे मग निबंधाच्या पुस्तकाविना कळेल. टपालखात्यास आमचे सांगणे असे की, पेटीत पत्रे कमी पडतात म्हणून पेटी काढू नये. पेटी काढली की ती कमी पडणारी पत्रेही बंद होतात, आणि मग आकडे दाखवून आपलेच म्हणणे खरे करता येते.

राहिले आमचे वाचक. त्यांतील ज्यांना हा लेख पटला असेल त्यांनी आमची स्तुती करू नये. ज्याच्याशी बोलणे राहून गेले आहे असा एक मनुष्य प्रत्येकाच्या मनात असतोच. त्याचा पत्ता शोधावा, आणि आज रात्री जेवणे झाल्यावर त्यास चार ओळी लिहून उद्या सकाळी पेटीत टाकाव्यात. ज्यांना लेख पटला नसेल त्यांनी आमच्याशी अवश्य भांडावे; मात्र ते भांडण कार्डावर लिहून पाठवावे. त्याचे उत्तर आम्ही स्वहस्ते देऊ.